वाघाटीचं घर नेमकं कुठे?

वाघाटी कुठे राहते, या साध्या प्रश्नाचं उत्तर गेल्या दोनशे वर्षांत कितीतरी वेळा बदललं आहे. आधी ती दक्षिण भारताची आणि श्रीलंकेची समजली गेली. मग जम्मू-काश्मीरमधून तिची नोंद आली, गीरमध्ये दिसली, विदर्भात दिसली, नेपाळच्या तराईत ती कॅमेऱ्यात सापडली आणि पुढे हरियाणातही. अनेक पुस्तकांत ती जंगलातली मांजर म्हणून गणली जात होती, तेव्हा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या उसात ती पिल्लं वाढवत होती. सगळ्या मार्जारकुळात जिच्याहून लहान वन्य प्रजाती नाही असं बहुतेक अभ्यासक मानतात, ती ही वाघाटी. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून जगात ती कुठेच नाही. म्हणजे तिला जपायचं तर ते आपल्यालाच करावं लागेल, दुसरं कुणी ते करणार नाही.

तिच्याबद्दल आतापर्यंत हाती आलेली माहिती एकत्र मांडली की एक गोष्ट स्पष्ट होते. वाघाटी दुर्मीळ वाटली, कारण आपण तिला बराच काळ फक्त जंगलांत शोधलं. तिचं घर जंगलात आहेच, पण जंगल संपून शेत सुरू होतं त्या पट्ट्यात, माळावर, खडकाळ उतारावर, ओढ्याकाठच्या झुडपांत आणि उभ्या पिकातही आहे. या जागांना ना कुंपण, ना राखणदार. तिच्या रक्षणाचा प्रश्न खरा इथला आहे.

एवढासा जीव

पूर्ण वाढलेल्या वाघाटीचं वजन साधारण ९०० ग्रॅम ते १.६ किलो. डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी ३५ ते ४८ सेंटिमीटर आणि शेपटी १५ ते ३० सेंटिमीटर. नर मादीपेक्षा थोडा मोठा. घरातलं धष्टपुष्ट मांजर चार किलोचं धरलं, तर वाघाटी त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही. लहान आकाराच्या बाबतीत तिची बरोबरी करणारा एकच प्राणी आहे, दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या गवताळ भागातलं काळ्या पायांचं मांजर. पण तेही वजनात वाघाटीला मागे टाकतं.

अंगावरची लव आखूड आणि मऊ, रंग तांबूस छटा असलेला राखाडी. पाठीवर आणि कुशीवर गंजाच्या रंगाचे छोटे ठिपके असतात. मानेवर आणि पाठीवर ते एकापुढे एक येऊन तुटक रेघांसारखे दिसतात. पोट पांढरं असतं आणि त्यावरचे ठिपके मोठे व गडद. कपाळावरून डोक्याकडे गडद रेघा जातात, गालांवरही रेघा असतात. दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कडेला नाकाच्या बाजूने एकेक पांढरी रेघ वर चढते, त्यामुळे चेहरा लगेच नजरेत भरतो. कान लहान आणि गोलसर. डोळे चेहऱ्याच्या मानाने खूप मोठे, कारण तिचा सगळा कारभार रात्रीचा. पंजांचे तळवे काळे.

ओळख पटवताना शेपटी सर्वांत उपयोगी पडते. अंगावर ठिपक्यांची एवढी गर्दी असूनही शेपटी जवळजवळ एकरंगी असते, तिच्यावर ठसठशीत पट्टे किंवा वलयं नसतात. श्रीलंकेतल्या वाघाटीचा रंग भारतातल्या वाघाटीपेक्षा अधिक तांबूस आणि गडद असतो. बेटावरच्या वाघाटींना अभ्यासकांनी वेगळ्या उपप्रजातींचा दर्जा दिला आहे.

सख्खी, चुलत आणि नुसती सारखी दिसणारी

रंगरूपामुळे वाघाटी बिबट्याची छोटी बहीण वाटते, पण नात्याने ती बिबट्यापासून खूप दूर आहे. तिची जवळची मंडळी म्हणजे बिबट मांजर, पाणथळीत राहणारं मासेमार मांजर आणि आग्नेय आशियातलं चपट्या डोक्याचं मांजर. जनुकीय अभ्यास सांगतात की या गटातून वाघाटीची शाखा सर्वांत आधी, काही दशलक्ष वर्षांपूर्वी वेगळी झाली. भारतीय उपखंडातली ही जुनी रहिवासी आहे.

महाराष्ट्रात तिची गल्लत मुख्यतः चौघांशी होते. पहिलं रानमांजर, म्हणजे ज्याला बऱ्याच भागांत बाऊल म्हणतात ते. हे उंच पायांचं आणि वाघाटीच्या कितीतरी पट मोठं असतं, अंगावर ठिपके जवळजवळ नसतात आणि शेपटीच्या टोकाकडे काळी वलयं असतात. दुसरं बिबट मांजर. त्याचा रंग पिवळसर, ठिपके काळे आणि ठसठशीत, आणि ते शेपटीवरही असतात. तिसरं उदमांजर. ते मांजर नव्हेच. लांबट तोंड आणि लांब शेपटी पाहिली की शंका मिटते.

चौथी गल्लत जिवावर बेतणारी आहे, ती बिबट्याच्या पिल्लांशी. उसात डोळे न उघडलेली ठिपकेदार पिल्लं सापडली की गावात पहिली बातमी पसरते ती बिबट्याची. बिबट्याचं पिल्लू जन्मतःच अर्ध्या किलोच्या आसपास असतं, त्याचं अंग लोकरीसारखं दाट केसाळ आणि ठिपके काळपट. वाघाटीचं नवजात पिल्लू ६० ते ७७ ग्रॅमचं, म्हणजे एका मोठ्या लिंबाएवढ्या वजनाचं. दोन्हींना एकदा शेजारी ठेवून पाहिलं तर चूक होणं शक्य नाही. पण असं शेजारी ठेवून पाहायला कुणाला मिळत नाही. समोर असतं एकच पिल्लू, भोवती घाबरलेली माणसं, आणि त्याची आई जवळच कुठेतरी असल्याची धास्ती.

नोंदींचा प्रवास

वाघाटीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३१ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ इसिदोर जॉफ्रॉ सँ-इलेर यांनी केलं. नमुना आला होता तेव्हाच्या फ्रेंच पाँडिचेरीहून, म्हणजे पूर्व किनाऱ्यावरून. त्यामुळे सुरुवातीपासूनच ती दक्षिणेची म्हणून कागदावर आली आणि हा शिक्का फार काळ पुसला गेला नाही.

त्यानंतरचं महत्त्वाचं नाव थॉमस जेर्डन यांचं. ते मद्रासच्या सैन्यात डॉक्टर होते आणि हाडाचे निसर्गनिरीक्षक होते. १८६७ साली आलेल्या भारतीय सस्तन प्राण्यांवरच्या ग्रंथात त्यांनी वाघाटीबद्दल जे लिहिलं ते आज वाचलं की थांबायला होतं. आटलेल्या तळ्यांतलं गवत, झुडपं, मोकळ्या मुलखातल्या आणि गावाजवळच्या नाल्या, अशा जागा त्यांनी तिच्या म्हणून सांगितल्या आणि ती दाट जंगलातली रहिवासी मानली जात नसल्याचंही नोंदवलं. त्यांनी एक पिल्लू पाळलं होतं. ते माणसाळलं, पण आठेक महिन्यांचं असताना खोलीत चिंकाऱ्याचं पाडस दिसताच त्याने झेप घेऊन त्याची मान धरली आणि ते मोठ्या मुश्किलीने सोडवावं लागलं. शरीराने एवढंसं, पण मानेवर नेमका घाव घालण्याची रीत मोठ्या मार्जारांचीच.

जेर्डन यांची ही नोंद पुढच्या शतकात मागे पडली. वन्यजीव म्हणजे जंगल आणि जंगल म्हणजे अभयारण्य असं समीकरण घट्ट होत गेलं, तशा बहुतेक नोंदीही तिथूनच येऊ लागल्या. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलची जुनी पानं हा प्रवास नीट दाखवतात. १९७८ साली या जर्नलमध्ये जम्मू-काश्मीरमधल्या वाघाटीबद्दल टिपण आलं आणि दक्षिणेचा शिक्का पहिल्यांदा जोरात हलला. १९९०च्या दशकात गीर आणि ताडोबा इथल्या नोंदी आल्या. गुजरातच्या डांगमध्ये, आंध्र-तेलंगणातल्या नागार्जुनसागर-श्रीशैलमच्या जंगलात ती आढळली.

मग प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरा ट्रॅप आले आणि नकाशा झपाट्याने बदलला. २०१२ साली नेपाळमधल्या बर्दिया राष्ट्रीय उद्यानात ती कॅमेऱ्यात आली आणि तिच्या देशांच्या यादीत तिसऱ्या देशाची भर पडली. त्याच सुमारास उत्तर प्रदेशातल्या कतर्नियाघाट अभयारण्यातून नोंद आली. पुढे हरियाणातल्या कलेसर राष्ट्रीय उद्यानात, शिवालिकच्या पायथ्याशी तिची छायाचित्रं मिळाली. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या नागझिऱ्यातही ती टिपली गेली. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही ती आहे. कोट्यवधी माणसांच्या शहराला टेकलेल्या जंगलात ही मांजर रात्री फिरते आणि बोरिवलीच्या बहुसंख्य रहिवाशांना तिचं नावही माहीत नाही.

आज तिचा ज्ञात विस्तार तराईपासून श्रीलंकेच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला आहे. या काळात वाघाटी पसरत गेली असं मात्र नाही. ती आधीपासून तिथे होतीच. पसरली ती आपली नजर.

कोरडं आणि ओलं

तिच्या अधिवासातलं एक कोडं अभ्यासकांना फार दिवस छळत होतं. भारतात ती मुख्यतः कोरड्या मुलखात सापडते: पानगळीची जंगलं, काटेरी झुडपांची रानं, गवताळ आणि खडकाळ भाग, शेती. पश्चिम घाटाच्या सदाहरित ओल्या जंगलांतून तिच्या नोंदी फार कमी आहेत. समुद्र ओलांडला की चित्र पालटतं. श्रीलंकेत ती याला राष्ट्रीय उद्यानाच्या शुष्क प्रदेशात आहे आणि डोंगरावरच्या दमट, धुकट जंगलांतही आहे. हॉर्टन प्लेन्स राष्ट्रीय उद्यानात ती २,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर कॅमेऱ्यात आली आहे. तिथल्या चहाच्या मळ्यांतही तिची पिल्लं सापडली आहेत.

एकच प्राणी दोन ठिकाणी एवढा वेगळा का वागतो? याचं सर्वांत पटणारं उत्तर शेजाऱ्यांत दडलेलं आहे. श्रीलंकेत बिबट मांजर नाही. भारतात पश्चिम घाटाच्या ओल्या पट्ट्यात ते आहे, आणि ते वाघाटीहून मोठं आहे. दोघांचं खाणं बरंचसं सारखं, दोघं रात्रीची. जिथे मोठा भाऊबंद ठाण मांडून बसला आहे तिथे धाकटीला जागा मिळत नाही. जिथे तो नाही तिथे ती ओल्या जंगलातही सुखाने राहते.

याला दुजोरा देणारा धागा २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळतो. कोइमतूरच्या सलीम अली पक्षिविज्ञान केंद्रात लहान मार्जारांवर दीर्घकाळ काम करणाऱ्या शोमिता मुखर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विष्ठेतल्या जनुकांवरून रानमांजर आणि बिबट मांजर यांची तुलना केली. रानमांजराची वस्ती देशभर सलग निघाली. बिबट मांजराची मात्र उत्तरेची आणि दक्षिणेची अशी दोन वेगळी कुळं निघाली आणि मधला मध्य भारत रिकामा. कडक उन्हाळ्याचा तो प्रदेश बिबट मांजराला मानवत नाही. वाघाटीला मात्र तो मानवतो. दख्खनचं पठार, विदर्भ, मराठवाड्याचे माळ, गुजरात आणि मध्य प्रदेशातली कोरडी जंगलं, ही वाघाटीची भूमी आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग तिच्या विस्ताराच्या ऐन मध्यावर येतो.

ती दिवसभर करवंदाच्या जाळीत, घाणेरीच्या गचपणात, झाडाच्या ढोलीत किंवा खडकांच्या कपारीत दडून राहते. झाडावर ती चपळाईने चढते, पण शिकार प्रामुख्याने जमिनीवर करते. उंदीर हे तिचं मुख्य अन्न. जोडीला लहान पक्षी, सरडे, बेडूक आणि किडे. पावसाने वाळवी उडाली की तीही ती खाते. म्हणजे दाट झाडी हवीच असं नाही. तिला दोन गोष्टी हव्यात: लपायला आडोसा आणि खायला उंदीर. या दोन्ही गोष्टी मुबलक मिळणारी एक जागा माणसाने आपल्या हाताने तयार केली.

उसाचा फड

पश्चिम महाराष्ट्रात धरणं झाली, कालवे आले, उसाचं क्षेत्र वाढलं. ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो. माणसाच्या डोक्याच्या वर जातो, आत उन्हाची तिरीपही येत नाही, पाचटीचा थर जमिनीवर साचतो आणि त्याखाली उंदरांची बिळं होतात. या फडात बिबट्या राहू लागल्याची चर्चा तीस वर्षांपासून होते आहे. वाघाटीही तिथे आहे याकडे लक्ष गेलं ते उशिराच.

नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शेतीच्या मुलखात कॅमेरे लावले. आसपास मोठं जंगल नाही, वस्ती दाट. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले आणि १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे, या आकड्याने देशभर चर्चा घडवली. पण त्याच कॅमेऱ्यांत तरस, कोल्हा, रानमांजर आणि वाघाटीही होती. त्याआधी, २०१० सालीच, वाघाटी आपल्याला वाटते त्याहून अधिक सर्वत्र असावी का, हा प्रश्न अत्रेय यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या नोंदींच्या आधारे उपस्थित केला होता. जेर्डन यांनी लिहिलं होतं ते दीडशे वर्षांनी पुन्हा सिद्ध झालं. दक्षिण भारतात तर भातखाचरांनी वेढलेल्या घराच्या माळ्यावर वाघाटीने पिल्लं घातल्याची नोंद आहे.

उसातलं तिचं जगणं तोडणीपर्यंत सुरळीत चालतं. गर्भारपणाचा काळ साधारण ६६ ते ७० दिवसांचा, एका वेळी एक किंवा दोन पिल्लं, फार तर तीन. मादी ती पाचटीच्या थरात ठेवते आणि रात्री उंदरांच्या मागे जाते. दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू होतो आणि तोडणीची टोळी फडात शिरते.

तोडणी एका कडेने सुरू होते. कोयत्याने ऊस बुडात तोडायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची. फड आखडत जातो तसा आतला प्रत्येक प्राणी उरलेल्या उसाकडे सरकतो. ससे पळतात, साप निघतात, उंदीर सैरावैरा धावतात. मादी आवाज ऐकून दूर जाते, पण डोळे न उघडलेली पिल्लं जागच्या जागी राहतात. पाचट बाजूला सारताना कुणा बाईला ती दिसतात. काम थांबतं. कुणी म्हणतं बिबट्याची आहेत, कुणी म्हणतं मांजराची. कुणी दूध पाजायला बघतं, कुणी फोन काढून चित्रण करतं. दोन तासांत ती पिल्लं चार घरं फिरून येतात. खरा धोका तिथे सुरू होतो.

सुदैवाने यावर एक सोपा उपाय रुळत गेला आहे आणि त्याचं श्रेय वनखात्याच्या वनरक्षकांना, बचाव पथकांना आणि शेतकऱ्यांना एकत्र द्यायला हवं. बिबट्याच्या पिल्लांसाठी जुन्नर भागात जी पद्धत वापरली गेली तीच वाघाटीसाठी वापरतात. पिल्लांना शक्यतो हात लावायचा नाही. ओळख पटवायची, जखम नाही ना ते पाहायचं. मग सापडली त्याच जागी, किंवा अगदी जवळ, प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये थोडी पाचट घालून पिल्लं ठेवायची. समोर कॅमेरा लावायचा आणि सगळ्यांनी दूर व्हायचं. अंधार पडला, माणसांचा आवाज थांबला की मादी येते, वास घेते, एकेक पिल्लू मानेला धरून नेते. दुसरं पिल्लू न्यायला ती परत येते. तेवढा वेळ आणि तेवढी शांतता तिला मिळाली पाहिजे, एवढंच.

ही पद्धत चालते याची चित्रणं आहेत. त्या चित्रणांतून अभ्यासकांनाही माहिती मिळते: कोणत्या महिन्यात पिल्लं होतात, एका वेळी किती होतात, मादी किती वेळाने परतते. पिल्लांना उचलून शहरात आणलं, बाटलीने दूध पाजून वाढवलं, तर ती जगली तरी पुन्हा शिकारी होणं फार कठीण. माणसाचा कळवळा इथे पिल्लाच्या मुळावर येतो.

दिसत का नाही?

एवढा मोठा विस्तार असूनही वाघाटी कमी का दिसते, याचं उत्तर काही अंशी तिच्या स्वभावात आणि काही अंशी आपल्या पाहण्याच्या पद्धतीत आहे. ती रात्रीची, एकटी, लाजाळू. रस्त्यावर बॅटरीच्या झोतात क्षणभर चमकलेले डोळे पाहून बहुतेकजण घरचंच मांजर समजून पुढे जातात.

आपल्या देशात कॅमेरा ट्रॅपचा सर्वाधिक वापर वाघांच्या गणनेसाठी झाला. ते कॅमेरे वाघाच्या उंचीला साजेसे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, जंगलातल्या रस्त्यांच्या दुतर्फा लावतात. जमिनीलगत चालणारी, रस्ता टाळून झुडपांतून जाणारी दीड किलोची मांजर त्या कॅमेऱ्याच्या खालूनच निघून जाते. आली तरी एका रात्रीत एक धूसर चित्र. शिवाय हे कॅमेरे व्याघ्र प्रकल्पांत लागतात. पठारावरच्या माळांवर आणि शेतांत ते क्वचितच कुणी लावतं.

तिच्या गळ्यात रेडिओ पट्टा घालून तिचा माग काढणंही सोपं नाही. पट्ट्याचं वजन प्राण्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा संकेत आहे. एक किलोच्या वाघाटीला ३० ते ५० ग्रॅमचाच पट्टा चालतो. एवढ्याशा पट्ट्यात टिकाऊ बॅटरी बसवणं अवघड. म्हणूनच बिबट्याबद्दल जेवढं कळलं त्याच्या शतांशही वाघाटीबद्दल कळलेलं नाही. पिंजऱ्यातल्या वाघाटींनी मात्र बरंच शिकवलं. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट प्राणिसंग्रहालयात १९७० च्या दशकापासून त्यांची पैदास झाली. गर्भारपणाचा काळ, पिल्लांचं वजन, वाढ यांबद्दलची आपली बरीचशी माहिती अशा नोंदींतून आली आहे. आपल्याकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही वाघाटीच्या प्रजननाचा प्रकल्प हाती घेतला गेला.

कायदा कागदावर, धोके जमिनीवर

कायद्याने वाघाटीला वाघाच्या पंक्तीला बसवलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. तिला मारणं किंवा पकडून ठेवणं हा किमान तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात भारतातली वाघाटी सर्वांत कडक, पहिल्या परिशिष्टात येते.

जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत ती पूर्वी ‘असुरक्षित’ या वर्गात होती. २०१६ साली तिला ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या तुलनेने सौम्य वर्गात आणलं गेलं. यामागचं कारण नीट समजून घ्यायला हवं. तिची संख्या वाढली म्हणून वर्ग बदलला नाही, तर नव्या नोंदींमुळे तिचा विस्तार अपेक्षेपेक्षा मोठा असल्याचं कळलं म्हणून बदलला. त्याच मूल्यमापनात प्रौढ वाघाटींची एकूण संख्या दहा हजारांहून कमी असावी असा अंदाज आहे आणि ती घटते आहे असंही म्हटलं आहे.

आणखी एक आकडा महत्त्वाचा. वाघाटी, बिबट मांजर आणि मासेमार मांजर यांना मानवणाऱ्या क्षेत्राचा संगणकीय अंदाज बांधणारा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार या मांजरांच्या योग्य अधिवासापैकी सुमारे ६ ते ११ टक्केच भाग संरक्षित क्षेत्रांत येतो. बाकीचा सगळा बाहेर. देशातली सगळी अभयारण्यं उद्या आदर्श झाली तरी वाघाटीचा प्रश्न जेमतेम दहाव्या हिश्श्याने सुटेल.

बाहेरच्या या जमिनीला सरकारी भाषेत अनेक नावं आहेत: पडीक, गायरान, माळरान, सातबाऱ्यावरचा पोटखराबा. या सगळ्यांत एक समजूत गृहीत आहे की ही जमीन काही कामाची नाही. मग तिथे मुरूम काढायला खाणी होतात, प्लॉट पडतात, वळण रस्ते जातात, सौरऊर्जेचे प्रकल्प उभे राहतात. तारेच्या कुंपणाआड, साफ केलेल्या जमिनीवर वाघाटीला आडोसा उरत नाही. बांधावरची झुडपं जेसीबीने काढली की दोन शेतांमधला तिचा रस्ताच संपतो.

रस्त्यावर वाहनाखाली सापडणं हा दुसरा मोठा धोका. रुंद झालेला महामार्ग ओलांडणं दीड किलोच्या मांजरीला किती अवघड असेल याची कल्पना करता येते. तिसरा धोका भटक्या कुत्र्यांचा. गावाबाहेरच्या कचऱ्यावर वाढलेल्या कुत्र्यांच्या टोळ्या माळावर फिरतात आणि लहान सस्तन प्राण्यांचा फडशा पाडतात. त्यांच्याबरोबर रोगही येतात. चौथा धोका विषाचा. उंदरांना घातलेल्या विषाने मेलेला किंवा मरायला टेकलेला उंदीर वाघाटीने खाल्ला तर तेच विष तिच्या पोटात जातं. शेतकऱ्याचे उंदीर फुकट मारणारी शिकारीण अशी उंदरांबरोबरच जाते. आणि पाचवा धोका आगीचा. ऊस तोडण्याआधी फड पेटवण्याची किंवा तोडल्यावर पाचट जाळण्याची पद्धत काही भागांत अजून आहे. पळता न येणाऱ्या पिल्लांना त्यातून सुटका नाही.

करता येण्यासारखं

या आढाव्यातून काही कामं सरळ पुढे येतात, आणि ती आवाक्यातली आहेत.

पहिलं काम पाचटीचं. पाचट न जाळता शेतात कुजवली तर जमिनीचा कस वाढतो, ओल टिकते, खताचा खर्च कमी होतो, हे कृषी खातं आणि साखर कारखाने शेतकऱ्यांना सांगतच आले आहेत. वाघाटीचं हित आणि शेतकऱ्याचं हित इथे एकाच बाजूला आहे. या प्रचारात वाघाटीचं एक चित्र घालायला वेगळा खर्च येणार नाही.

दुसरं काम तोडणी मजुरांपर्यंत पोहोचण्याचं. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो मजूर कोयता घेऊन येतात. फडातली पिल्लं पहिल्यांदा दिसतात ती त्यांना. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याच्या अड्ड्यावर, मुकादमामार्फत, चार गोष्टी सांगितल्या तरी फार मोठा फरक पडेल: पिल्लांना हात लावू नका, दूध पाजू नका, तेवढा कोपरा संध्याकाळपर्यंत सोडा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तोडणी थांबली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा त्या मजुरीची भरपाई कोण देणार हेही आधीच ठरवायला हवं. ज्यांचं हातावर पोट आहे त्यांच्याकडून फुकटच्या त्यागाची अपेक्षा करणं बरोबर नाही.

तिसरं काम मोजणीचं. व्याघ्रगणनेच्या कॅमेऱ्यांत अपघाताने येणाऱ्या चित्रांवर विसंबून न राहता जमिनीलगत लावलेले कॅमेरे माळांवर, ओढ्याकाठी आणि शेतांच्या बांधांवर लागले पाहिजेत. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना आपल्या तालुक्यातलं हे काम सहज करता येईल. रस्त्यावर मरून पडलेली वाघाटी दिसली तर छायाचित्र, जागा आणि तारीख कळवणं, एवढी नोंदही मोलाची असते. तिच्या विस्ताराचा आजचा नकाशा अशा छोट्या छोट्या नोंदींनीच घडला आहे.

चौथं काम सर्वांत अवघड, ते जमिनीकडे पाहण्याच्या नजरेचं. गायरानं आणि माळरानं रिकामी नाहीत. वाघाटी, कोल्हा, खोकड, तरस, माळढोकापासून धाविकापर्यंतचे पक्षी, या सगळ्यांचा संसार तिथे आहे. ग्रामपंचायतींना जैवविविधता कायद्याखाली नोंदवह्या ठेवाव्या लागतात. त्यांत माळावरच्या आणि बांधावरच्या प्राण्यांची नावं आली, तर गायरान दुसऱ्या कामाला देताना ग्रामसभेत निदान एक प्रश्न तरी विचारला जाईल. खाण किंवा प्रकल्प नकोच असं म्हणण्याची गरज नाही. ओढ्याचे काठ, खडकाळ घळी आणि बांधांवरच्या झुडपांच्या रांगा सोडून आखणी केली तरी वाघाटीला पुरेल एवढी वाट राहते. तिची गरज तिच्या अंगाएवढीच लहान आहे.

वाघ वाचवताना आपण जंगलं राखली आणि ते योग्यच केलं. वाघाटी वाचवायची तर शेतकरी, तोडणी मजूर, कारखाना, ग्रामपंचायत आणि वनखातं यांना एका फडाच्या कडेला एकत्र उभं राहावं लागेल. जगातली सर्वांत लहान वन्य मांजर आपल्या बांधावर राहते. बांध कुणाच्या मालकीचा हे सातबारा सांगतो. त्यावरच्या जिवाची जबाबदारी मात्र बांधाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांची आहे, आणि ती घेण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचं काहीच कारण नाही.